एका माणसापुरती जागा

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये नुकतंच नवं फर्निचर आलं. प्रत्येकाला फिरती खुर्ची, प्रत्येकाला कुलपाचा कप्पा. खिडकीखालचं जुनं लाकडी बाकडं शिपायानं मागच्या शेडमध्ये नेऊन टाकलं. बाकडं होतं तिथं भिंतीवर पाठी टेकून टेकून झालेला एक काळपट पट्टा राहिलाय. सुट्टीत रंगकाम निघालं की तोही जाईल.

त्या बाकड्यावर दिनकर कांबळे सर बसायचे. बेळगावातल्या आमच्या मराठी हायस्कुलात ते विज्ञान शिकवायचे आणि मी गणित. खुर्च्या तेव्हाही होत्या, पण सर खुर्चीवर बसलेले मला आठवत नाहीत. बाकड्याच्या भिंतीकडच्या टोकाला बसायचे, आणि दारात कुणीही दिसलं की जरासे आणखी सरकून शेजारची मोकळी जागा हातानं दोनदा थोपटायचे. ‘‘या, हितं बसा.’’ येणारा कन्नड बोलणारा असला तर ‘‘बर्री, इल्ली कुंदर्री.’’ पालक, शिपाई, पाण्याचा टँकरवाला, वर्गात मारामारी करून आलेलं पोर, सगळ्यांना तीच जागा आणि तेच थोपटणं.

मी खानापूर तालुक्यातल्या खेड्यातून आलेली, शेतकऱ्याची मुलगी. आमच्या गावात कांबळ्यांची घरं ओढ्यापलीकडे. नोकरीच्या पहिल्या दिवशी सरांनी बाकडं थोपटलं आणि मी बसले, तेव्हा तो ओढा माझ्या मनात येऊन गेला. सरांच्या नजरेतून ते सुटलं नसणार, त्यांच्या नजरेतून फारसं काही सुटायचं नाही. त्यांनी फक्त डबा उघडून माझ्याकडे सरकवला. आत भाकरी आणि हिरव्या मिरचीचा खर्डा होता. पहिल्याच घासाला मला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. सर खूश झाले. ‘खानापूरची माणसं तिखटाला कच्ची’ हे त्यांचं वाक्य त्यानंतर मी इतक्या वेळा ऐकलं की शेवटी शेवटी मीच ते त्यांच्या आधी म्हणून टाकायची.

सर किडकिडीत होते. पांढरा इस्त्रीचा शर्ट, बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली, उन्हाळ्यातसुद्धा. वर्गात पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलायचे आणि स्टाफरूममध्ये पाय ठेवला की गावाकडची निपाणीची बोली सुरू. कुणीही कसलंही रडगाणं घेऊन आलं, पगार अडकला, बदली झाली, मुलगी नापास झाली, तर सर पूर्ण ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, ‘‘ठीक हाय. पुढं?’’ काहींना याचा राग यायचा. मला बरं वाटायचं. पुढं काय ते आपण सांगू लागलो की रडगाणं आपोआप आटोपतं घ्यावं लागायचं.

पोरांना ते वर्गाबाहेर काढत नसत, मागच्या बाकावरही पाठवत नसत. दंगा केलेल्या पोराला स्वतःच्या खुर्चीशेजारी स्टूल देऊन बसवायचे. आम्हा बाकीच्यांना हा लाड वाटायचा. पोरांचं मत वेगळं होतं. बाहेर काढलेला मैदानात हुंदडतो, सरांच्या शेजारी बसलेल्याला मात्र तास संपेपर्यंत पेशीची आकृती काढावी लागते, आणि ती नीट आली नाही तर पुन्हा.

एकदा शिक्षण खात्याचा एक अधिकारी तपासणीला आला. बेळगावात मराठी शाळेची तपासणी म्हणजे आधीच सगळ्यांच्या कपाळावर आठ्या. हेडमास्तरांनी गादीची खुर्ची पुसून ठेवली होती. साहेब कन्नडमध्ये एकेकाला झापत स्टाफरूममध्ये शिरले आणि सरांनी सवयीनं बाकडं थोपटलं. हेडमास्तरांचा चेहरा उतरला. साहेब थांबले, बाकड्याकडे बघितलं, काय वाटलं कोण जाणे, जाऊन बसले. शेजारी बसलेल्या माणसाला झापता येत नाही, मान सारखी वळवावी लागते. थोड्या वेळानं दोघं मिरचीच्या भावावर बोलत होते. तपासणी झाली, पण आवाज चढला नाही. साहेब गेल्यावर हेडमास्तर सरांना म्हणाले की तुमच्यामुळे आज नोकरी गेली असती. सर म्हणाले, ‘‘गेली न्हाई न्हवं? पुढं?’’

हे थोपटणं कुठून आलं ते त्यांनी एकदाच सांगितलं. पोरांची सहल घेऊन आम्ही लोंढ्याला अडकलो होतो, गोव्याकडची गाडी यायची होती. पोरं फलाटावर पकडापकडी खेळत होती. सरांनी नेहमीप्रमाणे डबा मध्ये ठेवला आणि कुणी विचारलेलं नसताना बोलू लागले.

त्यांची आई निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कामाला होती. चाळणीनं तंबाखू चाळायची. दिनू तान्हा असताना तिथंच झोळीत असायचा, चालू लागल्यावर पोत्यांमध्ये. सगळ्यांच्या नाकातोंडात तीच धूळ. दहावीला तो तालुक्यात वर आला, तेव्हा वखारीच्या मालकानं कौतुकानं मायलेकांना घरी बोलावलं. आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं. दिवाणखान्याच्या उंबऱ्याशी पोचल्यावर आतून आवाज आला, ‘तिथंच. लांब बसा.’ दोघं पायरीखाली बसले. मालकानं पेन आणलं आणि पायरीवर ठेवलं. हातात दिलं नाही. दिनूनं ते उचललं.

मी भाकरीचा तुकडा हातात घेऊन बसले होते. सर म्हणाले, ‘‘पेन चांगलं हुतं. लई दिवस चाललं.’’ मग गाडीची घंटा झाली आणि आम्ही पोरं गोळा करायला उठलो.

सरांनी आयुष्यात कधी विडी ओढली नाही. तरी पन्नाशी ओलांडल्यावर कोरडा खोकला लागला आणि मग दम. जिना चढताना मधल्या वळणावर भिंतीवरचा नकाशा बघत उभे राहू लागले. विज्ञानाच्या मास्तरला नकाशात एवढं काय दिसतं म्हणून आम्ही चेष्टा केली. नंतर कळलं की दोन्ही फुप्फुसं आतून घट्ट होत चाललीत, सुकलेल्या स्पंजासारखी. कशामुळे ते डॉक्टरांनी ठामपणे सांगितलं नाही. वखारीतली धूळ असू शकेल म्हणाले, नसूही शकेल. सर स्टाफरूममध्ये आले, बाकड्यावर बसले आणि एक्स-रेचं पाकीट शेजारी ठेवलं. ‘‘ठीक हाय,’’ एवढंच म्हणाले. ‘पुढं’ म्हणाले नाहीत, ते माझ्या लक्षात राहिलं.

पुढं म्हणजे नाकात ऑक्सिजनची नळी आणि चाकांवरचं सिलिंडर. काही दिवस ते घेऊनही शाळेत आले. मग तेही जमेना. शेवटी सरांच्या पत्नी सुशीलावहिनी आणि मुलगी प्रज्ञा त्यांना चेन्नईला घेऊन गेल्या. प्रज्ञा बेळगावच्याच एका दवाखान्यात फार्मसिस्ट होती, रजा काढून गेली. तिथं खोली घेऊन तिघं वाट बघत राहिले. कुणीतरी मरण्याची वाट बघायची, असं सर फोनवर म्हणाले होते, आणि तेही आवाज अजिबात न बदलता. एके दिवशी कुणीतरी गेलं. कोण ते त्यांना कधीच कळलं नाही. फुप्फुसं बदलली.

त्यानंतरचा त्यांचा पहिला फोन मला शब्दन् शब्द आठवतो, कारण त्यात धाप नव्हती. औषधांबद्दल त्यांनी मला वर्गात समजावावं तसं समजावलं. नवं फुप्फुस अंगाला परकं वाटतं, अंग त्याच्याशी भांडायला उठतं. म्हणून अंगाची राखणदारीच औषधानं निजवून ठेवायची, जन्मभर. राखणदार निजला की बाहेरचा साधा खोकलासुद्धा आत शिरून घर करतो. ‘‘आलेल्याला शेजारी बसू दे, हे माझ्या अंगाला आता शिकवायचं चाललंय, बाई,’’ ते म्हणाले. ‘‘गोळ्या देऊन शिकवावं लागतंय, एवढंच.’’

वडगावात त्यांचं घर आहे. दोन्ही बाजूंनी यंत्रमागांचा खडखडाट, त्यात बोलायचं तर आवाज चढवावाच लागतो. सर घरी आले त्याआधी प्रज्ञानं सगळं आवरून घेतलं होतं. कुंड्या काढल्या, कारण मातीत बुरशी असते. घरचं विरजण बंद. आणि पुढच्या सोप्यात, दारापासून बऱ्याच आत, फरशीवर रंगानं एक जाड पिवळी रेघ ओढली. भेटायला येणाऱ्यांनी रेघेच्या बाहेर बसायचं, तोंडाला मास्क, तिच्या आप्पांना हात लावायचा नाही. पहिलं वर्ष तरी.

सर दारातून आत आले तेव्हा मी तिथं होते, रेघेच्या बाहेर. त्यांनी रेघ बघितली आणि तिच्यापाशी थांबले.

‘‘आपल्याच घरात पायरी केलीस व्हय गं?’’ ते प्रज्ञाला म्हणाले.

प्रज्ञा खाली बघत म्हणाली, ‘‘वर्षाची तर गोष्ट हाय, आप्पा. मीच खरवडून काढते.’’

सर रेघ ओलांडून आत गेले. त्या दिवसापासून एकच गोष्ट टांगणीला होती, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. औषधं ते घड्याळ लावून घेतील, चालतील, पथ्य पाळतील. पण दारात आलेल्या माणसाला ‘लांब बसा’ म्हणतील का? त्यांचा जीव या दोन शब्दांवर होता आणि ते शब्द त्यांच्या तोंडात कधी बसलेच नव्हते.

त्यांनी त्यातून वाट काढली. पाहुणा दिसला की आपली खुर्ची उचलायचे आणि मागच्या भिंतीला लावायचे. ‘‘तुम्हांला लांब बसवत न्हाई, मीच लांब बसतोय,’’ असं हसत म्हणायचे. येणाऱ्याला वाईट वाटायचं नाही, प्रज्ञाची रेघ पाळली जायची. हात मात्र मांडीवर स्वस्थ राहायचा नाही. कुणी आलं की उचलला जायचा आणि सर तो दुसऱ्या हातानं धरायचे. असे कितीतरी महिने गेले. सरांच्या गालांवर मांस आलं. शाळेत पुन्हा येण्याच्या गोष्टी निघाल्या. मी बाकडं पुसून घेतलं होतं.

मग निपाणीहून हौसाआक्का आली. सरांच्या आईबरोबर वखारीत चाळणीवर बसणारी, आता पार वाकलेली. तिला कुणी कळवलं नव्हतं. दिनूचं काळीज बदललं असं तिच्या कानावर आलं होतं आणि बस बदलत ती एकटी विचारत विचारत वडगावात पोचली होती. मी पोरांच्या चाचणीचे पेपर दाखवायला गेले होते, रेघेबाहेरच्या खुर्चीवर होते. वहिनी आत चहा टाकत होत्या. प्रज्ञा कामावर.

आक्का दारात आली. तिनं सरांना बघितलं, मला बघितलं, मग फरशीवरची रेघ बघितली. तिला कुणी काही सांगितलं नाही. मी उठून खुर्ची पुढे करेपर्यंत ती मागे वळली, पायरी उतरली आणि चपला काढतात तिथं, खाली, गुडघे पोटाशी घेऊन बसली. कसला प्रश्न नाही, राग नाही. आयुष्यभर बसली तशी बसली.

‘‘बरा हाईस न्हवं रं दिनू?’’ तिनं तिथूनच विचारलं.

सर उठले. खुर्ची मागे नेण्यासाठी उठले असं मला वाटलं. ते रेघ ओलांडून बाहेर आले, पायरी उतरले, तिच्या दंडाला धरून तिला उठवलं आणि सोप्यातल्या दिवाणावर आणून बसवलं. स्वतः शेजारी बसले. तिला चेहरा दिसावा म्हणून मास्क हनुवटीखाली ओढला. आक्का त्यांच्या गालावरून, छातीवरून हात फिरवत राहिली, मध्येच पदर तोंडाला लावून खोकली, पुन्हा हात फिरवू लागली. वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या आणि उंबऱ्यात थांबल्या. त्यांनी कप खाली ठेवले, सरांचा मास्क हळूच वर सरकवला आणि आत निघून गेल्या. सरांचा चेहरा इतका निवांत मी त्याआधी कधी बघितला नव्हता.

काही आठवडे गेले आणि ताप आला. साधा वाटला. औषधानं उतरायचा आणि संध्याकाळी पुन्हा यायचा. मग उतरेचना. रक्तातल्या पेशी झरझर कमी होऊ लागल्या, पोटात प्लीहा वाढली, डोळे पिवळे झाले. त्यांना पुन्हा चेन्नईला हलवलं. तिथं हाडातला मगज काढून तपासला तेव्हा दोन गोष्टी सापडल्या. एक, क्षयाचे जंतू. दुसरी, क्वचितच कुणाला होणारी एक गोष्ट, जिचं लांबलचक नाव मला अजून सलग उच्चारता येत नाही. जंतूच्या निमित्तानं अंगातली राखणदारी जागी होते ती वेडीपिशी होऊनच. जंतू राहतो बाजूला, ती आपल्याच रक्ताच्या पेशी खात सुटते.

सरांनी हे मला स्वतः फोनवर सांगितलं, थांबत थांबत. औषधांनी राखणदारी आणखी निजवावी तर क्षय माजतो, उठवावी तर ती घर मोडते आणि नवं फुप्फुसही जातं. डॉक्टर दोन्ही बाजूंनी थोडं थोडं करून बघत होते. ‘‘दहावीच्या पुस्तकात हे न्हाई, बाई,’’ ते म्हणाले. त्यांना त्यात खरंच रस वाटत होता असं मला जाणवलं, आणि ते मला सहन झालं नाही.

फोन प्रज्ञानं घेतला. तिचा आवाज कोरडा होता. म्हणाली की हौसाआक्काची तपासणी करायला हवी, तिला क्षय असेल तर तिलाही औषध लागेल. ते खरंच होतं. त्यामागचं दुसरं खरंही मला ऐकू आलं. मागून सरांचा आवाज आला, ‘‘तिला न्हेऊ नका. तिला कळंल, आपल्यावर बोट हाय. ती जगायची न्हाई.’’ फोन पुन्हा त्यांच्याकडे गेला. मी म्हटलं की मी नेते, तिला काही कळू देत नाही. ते म्हणाले, ‘‘काय निघंल ते मला येऊन सांगा. प्रज्ञाला न्हाई, आधी मला.’’

मी निपाणीला गेले. आक्काला म्हटलं की खोकला किती दिवसांचा आहे, चल, सरकारी दवाखान्यात दाखवू. ती खुशीनं आली, रिक्षात मला सरांच्या लहानपणच्या गोष्टी सांगत. थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी बघून सांगितलं की जुना धुळीचा खोकला आहे, क्षय नाही. मी दोनदा विचारलं. नाही म्हणाले. मी चेन्नईच्या डॉक्टरांना प्रज्ञामार्फत विचारलं होतंच. ते म्हणाले होते की हा जंतू माणसात लहानपणापासून निजून राहू शकतो, ऑपरेशनआधीच्या तपासणीत कधी कधी दिसत नाही. नव्या फुप्फुसाबरोबर आला असंही होऊ शकतं. म्हणजे सर त्या दुपारी दिवाणावर बसले नसते तरीही हेच झालं असतं. ही बातमी चांगली होती की वाईट, ते मला गाडीत बसल्यावरही ठरवता आलं नाही. मी चेन्नईपर्यंत खिडकीबाहेर बघत गेले. वाटेत काय काय लागलं ते आठवत नाही.

अतिदक्षता विभागाबाहेर वहिनी बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर सरांचा चष्मा होता. त्यांनी बाजूला सरकून जागा केली. मी थोडा वेळ त्यांच्याजवळ बसले. मग मला गाऊन, टोपी, मास्क चढवून आत सोडलं. पलंगापासून काही अंतरावर फरशीला लाल पट्टी चिकटवलेली होती. नर्सनं हातानं दाखवलं, इथंच थांबा.

सर पलंगावर होते, पण मला आधी नुसतं अंथरूणच दिसलं. नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क, हाताच्या कातडीवर निळेजांभळे डाग, डोळे अर्धे उघडे. ताप डोक्यात गेलाय, माणसं ओळखत नाहीत, असं प्रज्ञानं आधीच सांगितलं होतं. मी पट्टीवर उभी राहिले आणि आवाज चढवून बोलले, वडगावात मागांच्या खडखडाटात बोलायची तशी.

‘‘सर, आक्काला काही नाही. तपासून आले. तिच्याकडून नाही.’’

त्यांनी मान वळवली. माझे डोळे तेवढे उघडे होते, त्यावरून ओळखलं की नाही ते सांगता येत नाही.

मग सर भिंतीकडे सरकू लागले. अंगात काही उरलेलं नव्हतं, तरी कोपर टेकवून, नळ्यांसकट, श्वास लागेपर्यंत ते सरकले. पलंगाच्या कडेला एका माणसापुरती जागा झाली. त्यांनी हात उचलला आणि ती जागा थोपटली. दोनदा.

नर्स पुढे झाली. मला म्हणाली, पट्टीच्या मागे राहा.

मी मागे राहिले. सरांचा हात त्या जागेवर तसाच पडून होता.